इंजिन टाकलं, पण गाडीचं काय?

आपल्या नगर जिल्ह्यात जुन्या जीपचा विषय निघाला की दुसरं-तिसरं वाक्य ठरलेलं असतं, "इंजिन टाकलंय तिला." मग समोरचा विचारतो, "कुठलं?" उत्तर येतं, "प्यूजो", "मर्सिडीज", "इसुझू" नाहीतर "डीआय". ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. ब्रेकचं काय केलं, गिअरबॉक्स तोच ठेवला का, आरसी बुकावर नवा नंबर चढवला का, हे मात्र कोणी विचारत नाही. इंजिनाचं नाव समजलं की जणू सगळी गाडीच समजली!

मित्रांनो, आपण यंत्र शाखेची मुलं. निदान आपण तरी हा प्रश्न इथे सोडून देऊ नये असं मला वाटतं. जुन्या गाडीचं इंजिन बदलायला गॅरेजला पैसे देणं हा आपल्याकडचा घरगुती व्यवहार आहे. कांद्याचे, दुधाचे, उसाच्या बिलाचे पैसे त्यात जातात. पण हा व्यवहार ज्या पद्धतीने होतो ती पद्धत चुकीची आहे, हे माझं स्पष्ट मत. गिऱ्हाईक इंजिनाचा भाव करतं, मिस्त्री इंजिन बसवून देतो, आणि बाकीच्या गाडीची जबाबदारी कोणाच्याच खात्यावर राहत नाही.

आधी हे प्रकरण सुरू कुठून झालं ते बघू, कारण त्यात वेडेपणा काहीच नव्हता. चाळीसच्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. दणकट, सरळ, कोणालाही उघडता येईल असं. पण पेट्रोल प्यायचं भारी! पुढे ऐंशीच्या दशकात महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं. ही इंजिनं इगतपुरीला, म्हणजे आपल्या अकोले तालुक्याच्या शेजारीच बनत होती. तिकडे आकुर्डीला बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याखाली ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं, ते मॅटाडोरमध्ये आणि नंतर ट्रॅक्समध्ये आलं. बजाज टेम्पोचे नवलमल फिरोदिया आणि लूना काढणारे हस्तीमल फिरोदिया हे आपल्या नगरचे स्वातंत्र्यसैनिक वकील कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव. म्हणजे हा इतिहास काही परका नाही, घरचाच आहे. अॅम्बॅसेडरचंही तसंच. १९९२ च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सने इसुझूचं पेट्रोल इंजिन तिच्यात घातलं, नंतर इसुझूचं डिझेलही आलं. कंपनीनेच वाट दाखवली म्हटल्यावर जुन्या अॅम्बॅसेडरवाल्यांना मागे राहणं शक्यच नव्हतं.

तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती. डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि तो मुद्दाम खाली ठेवलेला असायचा. जुनी पेट्रोल जीप स्वस्तात मिळायची आणि अपघातात मोडलेल्या मॅटाडोरचं इंजिन भंगार बाजारात मिळायचं. नगर-पाथर्डी, राहुरी-शिंगणापूर अशी प्रवासी वाहतूक करणाऱ्याला ही दोन्ही जोडून घेण्यात साधा हिशेब दिसला. गावोगावच्या मिस्त्रींनी तो हिशेब लोखंडात उतरवला.

आता तो हिशेब आजच्या भावात करून पाहू. गोल आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९० रुपये. जुनी जीप पेट्रोलवर ८ किलोमीटर देते आणि डिझेल इंजिन घातल्यावर १२ देईल असं समजा. पेट्रोलला किलोमीटरमागे साधारण १३ रुपये १२ पैसे पडले, डिझेलला साडेसात. किलोमीटरमागे वाचले पाच रुपये साठ पैसे. सगळं मिळून दीड लाख खर्च आला असं धरलं, तर तो वसूल व्हायला सुमारे २६,७०० किलोमीटर जीप पळायला हवी. रोज १०० किलोमीटर पळणारी काळी-पिवळी हे अंतर वर्षाच्या आत कापेल. पण आपल्या घरची जीप? शेतावर, बाजाराला, कधी शिर्डीला, वर्षाला जेमतेम तीन हजार. म्हणजे नऊ वर्षं! आणि या नऊ वर्षांत नव्या इंजिनाला काहीच खर्च येणार नाही असं धरून. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही बाजारावर सोडला गेला आणि जुनी तफावत आटली. तरी "डिझेल टाकलं की परवडतं" हे वाक्य मात्र बाजारात तसंच फिरत राहिलं. पूर्वीच्या धंदेवाल्याचा शहाणपणा आजच्या घरगुती गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

बरं, पैसा बाजूला ठेवा. हौस असते, वडिलांची गाडी असते, आणि हौसेला हिशेब लावायचा नसतो. पण गाडीला मात्र हिशेब लावावाच लागतो. तो आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकांतला आहे, म्हणून थोडा मांडतो.

सुरुवात क्राऊन-पिनियनपासून. जुन्या जीपचं प्रमाण ५.३८ धरा. टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ४५५ फेरे, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे जवळजवळ २४५० फेरे. पेट्रोल इंजिनाला हे किरकोळ होतं, ते ४००० पर्यंत जायचं. आता तिथे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, २२०० फेऱ्यांना गव्हर्नर लागणारं डिझेल बसवलं तर गाडी ५४ च्या पुढे जाणारच नाही. ड्रायव्हर म्हणणार, "मिस्त्री, पळत नाही हो!" मिस्त्री काय करणार? क्राऊन-पिनियन बदलणार, ४.२७ चा घालणार. आता ३००० फेऱ्यांचं डिझेल असेल तर तीच जीप ताशी ९० च्या पुढे जाते. सगळे खूश.

पण ब्रेक तेच! त्याच जुन्या ड्रमच्या डब्या. ५५ ने जाणारी जीप थांबवायला जितकी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या अडीच पटीहून जास्त ९० ला जिरवावी लागते, कारण वेग वर्गात येतो. हे सूत्र आपण अकरावीत पाठ केलं. करंजी घाटात उतरताना ते सूत्र ब्रेकच्या लायनरवर लिहिलं जातं, आणि गाडीत मागे दहा माणसं बसलेली असतात.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. ज्या मोटारींना ब्रेक बूस्टर असतो तो इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम आपोआप तयार होतो. जुन्या डिझेल इंजिनाला थ्रॉटलच नाही, हवा मोकळी आत येते, त्यामुळे व्हॅक्युम मिळत नाही. म्हणून डिझेल गाडीत वेगळा व्हॅक्युम पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला. भंगारातून इंजिन आणताना अल्टरनेटर दुसरा मिळाला, पंप राहून गेला, तर बूस्टरची नळी जोडायला जागाच नसते. मग कोणीतरी ती नळी बोळा घालून बंद करतो. गॅरेजच्या दारात गाडी पुढे-मागे केली तर काही कळत नाही. रस्त्यावर मात्र पेडल दगडासारखं होतं.

तिसरं म्हणजे वजन आणि कंप. जुन्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो सातच्या आसपास, डिझेलचं वीसच्या पुढे. एवढा दाब सोसायचा तर ब्लॉक जाड, क्रँक जाड, वजन जास्त. ते सगळं पुढच्या पाट्यांवर येतं. फाउंडेशनची रबरं जुन्याच मापाची ठेवली तर कंप थेट चेसिसला जातो. मग सायलेन्सरचा पाइप तुटतो, रेडिएटरचा टाका सुटतो, काही महिन्यांनी चेसिसवर वेल्डिंगच्या कडेला चीर दिसते. आपण तिला 'फटीग' म्हणतो, गावात म्हणतात "गाडी लाभली नाही".

चौथी गोष्ट डोळ्यांनी दिसतच नाही. एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडायचं तर मधे प्लेट बनवावी लागते. ती लेथवर होते. पण इंजिनाच्या क्रँकची मध्यरेषा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची मध्यरेषा एकाच ओळीत हवी, फरक मिलिमीटरच्या फार लहान अंशात हवा. तो बघायला डायल गेज लागतो. तो नसेल तर "बसतंय ना? बसतंय!" एवढ्यावर भागवलं जातं. नंतर दर सहा महिन्यांनी क्लचप्लेट आणि पायलट बेअरिंग जातं आणि मालक म्हणतो, "हल्ली स्पेअरचा मालच हलका येतो."

बाकी लहान गोष्टींची यादी मोठी आहे. डिझेलला टाकीकडे परत जाणारी नळी लागते. हीटर प्लग आणि जड स्टार्टरसाठी मोठी बॅटरी लागते. जुन्या पंपाला बंद करायची वेगळी तार लागते, नाहीतर चावी काढली तरी इंजिन चालूच! रेडिएटर आणि पंख्याची दिशा-माप तपासावं लागतं. आणि इंजिन अलीकडचं, कॉमन रेलचं असेल तर मामला आणखी वेगळा. त्याला ईसीयू लागतो, वायरिंगचा सगळा हार्नेस लागतो, पेडलचा सेन्सर लागतो, चोरी रोखणारी चावीची यंत्रणा ईसीयूशी जुळावी लागते. यातला एक सेन्सर जरी खोटा सिग्नल देऊन फसवला तरी इंजिन चालतं, पण कंपनीने ज्या धुराची हमी दिली होती ती हमी संपते.

आता कागद. हा भाग आपल्याकडे एजंटवर सोडायची पद्धत आहे, पण तो कळायला अवघड नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ लावला. कलमात सवलत आहे ती किट बसवून इंधन बदलायला, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरे, आणि तीही ठरवून दिलेल्या अटींवर. भंगारातून आणलेलं परक्या कंपनीचं डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर मात्र आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं बंधन कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडापेक्षाही मोठी गोष्ट विम्याची. पॉलिसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही छापलेले असतात. अपघात झाला, सर्व्हेयर आला, बॉनेट उघडलं आणि नंबर जुळला नाही, की दावा अडकायला कारण मिळालं. वर्षानुवर्षं हप्ते भरलेले, आणि गरजेच्या दिवशी कागदावरची गाडी वेगळी, रस्त्यावरची वेगळी. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओसमोर उभी करावीच लागते. मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ साली ६०० वरून ५००० रुपयांवर गेलं. एवढे पैसे भरून तिथे नंबर जुळत नाही म्हणून परत यायचं, मग घरात भांडण, मग एजंटच्या मागे फेऱ्या. तुमची गाडी एमएच १६ असो की श्रीरामपूरची एमएच १७, ही फेरी चुकत नाही.

आणखी एक. भंगारातलं इंजिन कोणाचं होतं? बिल आहे का? मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आहे का? नंबरवर ग्राइंडर फिरवलाय का? चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या बॉनेटखाली निघालं तर "मला माहीत नव्हतं" हे सांगत पोलीस ठाण्यात बसावं लागतं.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळा दोष मिस्त्रीचा. अजिबात नाही! उलट माझं म्हणणं असं आहे की मिस्त्रीला दोष देणं ही आपली सगळ्यात सोपी पळवाट आहे. गॅरेजच्या दारातला संवाद तुम्हीही ऐकला असेल.

"मिस्त्री, किती होतील?"

"इंजिन तुमचं का माझं, दादा?"

"तुमचंच धरा. पण कमीत बसवा."

"ब्रेकचं पण बघून घेऊ का? मास्टर सिलिंडर जुना आहे."

"ब्रेक लागतोय की! ते नंतर बघू. आधी गाडी चालू करून द्या, लग्नसराई आली."

यात चूक कोणाची? मिस्त्रीने ब्रेकचं नाव काढलं होतं. त्याला जे कळतं ते आपल्याला चार वर्षांत कळत नाही. नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरचं नोझल गेलंय हे सांगणारी माणसं आहेत ही. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते गाडी चालू होण्याचे. गाडी थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि जे कुठे लिहिलेलंही नसतं, ते काम राहून जातं. तुम्ही-आम्ही मिस्त्रीच्या जागी असतो तरी हेच झालं असतं.

म्हणून माझी पहिली सूचना गिऱ्हाइकाला आहे, आणि आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी, मामाकडे, काकांकडे एक तरी असं गिऱ्हाईक असतंच. इंजिनाचा भाव विचारू नका, कामाची यादी मागा. साध्या वहीच्या कागदावर चालेल. इंजिन कुठून आलं आणि त्याचं बिल. फाउंडेशन कशाची. गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन कुठला, आणि टॉप गिअरला किती वेग येणार. ब्रेकमध्ये काय बदलणार, व्हॅक्युम पंप आहे का. रेडिएटर, वायरिंग, बॅटरी, डिझेलची परतीची नळी. परवानगीचा अर्ज कोण करणार आणि केव्हा. प्रत्येक ओळीसमोर रक्कम. आणि पैसे टप्प्याने: निम्मे काम सुरू होताना, थोडे गाडी चालू झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता गाडी भरून घाट उतरून आल्यावर आणि कागद झाल्यावर. यादी लिहिली की मिस्त्रीलाही ब्रेकचे पैसे मागायला लाज वाटणार नाही. एकूण आकडा मोठा दिसेल हे खरं, पण तो खरा आकडा असेल. बहुतेक वेळा हा खरा आकडा बघूनच निर्णय बदलतो.

निर्णय कसा बदलावा? माझ्या मते पायऱ्या अशा असाव्यात. आधी मूळ इंजिन उघडून बघा. बोअर करून, क्रँक ग्राइंड करून, नवे पिस्टन-रिंग टाकून ते उभं राहतंय का? नंबर तोच, कागद तोच, माउंटिंग तेच, सगळं कंपनीने जुळवलेलं. ते शक्य नसेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा आणि आधी परवानगी घ्या. याच्या पलीकडचं काही करायचं मनात असेल तर गॅरेजच्या आधी आरटीओची पायरी चढा आणि "हे होईल का" असं विचारा. उत्तर 'नाही' आलं तर ते तुमचे दीड लाख वाचवणारं 'नाही' आहे.

दोन आक्षेप येतील ते इथेच घेतो. पहिला, "एवढी कटकट कशाला, जुनी गाडी भंगारात घाला." ज्याच्याकडे नवी घ्यायला पैसे आहेत त्याने जरूर घालावी. पण शेतात पाइप, खत आणि माणसं नेणारी चालू जीप मोडून कर्ज काढा, असा सल्ला देणं मला तरी शहरी वाटतं. दुरुस्ती करून वापरणं ही आपली चांगली सवय आहे, तिला शिस्त लावायची आहे. दुसरा आक्षेप, "आता कशाला डिझेल, इलेक्ट्रिक करा." करा की! कायदाही मान्यताप्राप्त किटला वाट देतो. पण तिथेही हेच प्रश्न आहेत. बॅटरीचं वजन कुठे बसणार, पाट्या झेपतील का, बूस्टरला व्हॅक्युम कुठून, थांबायला अंतर किती लागणार? इंजिन काढून मोटर घातली म्हणून गाडीचं गणित सुटत नाही.

मुंबईचं उदाहरण बघा. तिथल्या फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी टॅक्सींनी किती इंधनं पाहिली! पेट्रोलवर जन्मल्या, अनेक डिझेलवर गेल्या, आणि धुराचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेल्यानंतर सीएनजीवर आल्या. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी, वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. तिथे सीएनजीचं किट, सिलिंडरची चाचणी, परवाना असं सगळं ठरलेलं होतं, कारण धूर लाखो लोकांच्या नाकात जात होता. आपल्याकडे एक जीप पाथर्डीला, एक अकोल्यात, एक नेवाशात. विखुरलेल्या आहेत म्हणून कोणाला दिसत नाहीत, एवढाच फरक.

आता आपल्याबद्दल. आपल्या शहरात व्हीआरडीई आहे. संरक्षण मंत्रालयाची ही संस्था देशात वाहनांची चाचणी करून मान्यता देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात तिचं नाव आहे. म्हणजे गाडी कशी तपासावी याचं देशातलं मोठं ज्ञान आपल्या गावात बसलेलं आहे. दुसरीकडे, गाडी कशी चालू करावी याचं ज्ञान प्रत्येक तालुक्याच्या गॅरेजमध्ये आहे. आणि मधे आपण, हातात व्हर्निअर घेऊन सबमिशन लिहितोय!

बाहा स्पर्धेला जाणाऱ्या आपल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. तिथे सगळ्या संघांना एकसारखंच छोटं इंजिन असतं. तरी एक गाडी पहिली येते आणि एक ब्रेकच्या चाचणीतच बाद होते. का? कारण फरक पडतो तो इंजिन सोडून बाकी सगळ्यात. चारही चाकं एकदम लॉक होतात की नाही हे तपासल्याशिवाय तिथे पुढे जाऊच देत नाहीत. स्पर्धेच्या एकट्या ड्रायव्हरसाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी मागे दहा माणसं बसलेल्या जीपसाठी का घेऊ नये?

म्हणून दुसरी सूचना आपल्याच महाविद्यालयाला. दर हिवाळ्यात आपलं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर एखाद्या गावात जातं. श्रमदान होतं, पथनाट्य होतं, उत्तमच आहे. त्यात एक दिवस गाड्यांसाठी ठेवू या. इंजिन बदललेल्या जीपा, मोटारी, पिकअप कोणी आणल्या तर फुकट तपासून द्यायच्या. दंड नाही, नाव-नंबर कुठे कळवणं नाही. रस्त्यावर चुन्याची रेघ मारून ताशी ४० ला थांबायचं अंतर मोजायचं. बूस्टरची नळी जागेवर आहे का बघायचं. फाउंडेशनजवळ चीर आहे का ते टॉर्च लावून बघायचं. चाकांचे नट, स्टिअरिंगची ढिलाई, डिझेलची गळती. आणि मालकाच्या हातात एका पानाचा मराठी कागद द्यायचा: काय ठीक आहे, काय आजच करा, काय पुढच्या हंगामात करा. सोबत त्या गावचा मिस्त्री हवाच. तो नसेल तर आपल्याला निम्म्या गोष्टी दिसणारही नाहीत, आणि आपला कागद घेऊन गाडी शेवटी त्याच्याकडेच जाणार आहे. वर्कशॉपमधला डायल गेज दोन दिवस त्याच्या गॅरेजमध्ये नेला तर झिजणार नाही. त्या दोन दिवसांत तो आपल्याला बरंच काही शिकवेल.

याला मोठा निधी लागत नाही. एक प्राध्यापक, दहा-बारा विद्यार्थी, मोजायची पट्टी, डायल गेज, चुना आणि एक मोकळा रस्ता. जे आकडे मिळतील ते कोणाचाही गाडी नंबर न देता एकत्र मांडले तर शेवटच्या वर्षाचा चांगला प्रोजेक्ट होईल. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टपेक्षा तरी नक्कीच!

तोवर एवढं करा. या सुट्टीत गावी गेलात आणि कोणी अभिमानाने म्हणालं, "इंजिन टाकलंय", तर "कुठलं?" हे विचाराच, त्यांना बरं वाटेल. पण त्याच्या पाठोपाठ "ब्रेकचं काय केलं?" हेही विचारा. उत्तर आलं नाही तर बाह्या सरसावून खाली वाका आणि स्वतः बघा. संध्याकाळी त्याच जीपमध्ये बसून आपल्याला घाट उतरायचा असतो.